समोर काढलेली धार

आबा, आज सकाळी तुमच्या कट्ट्यावर गेले होते, जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचात तिथं. दूध प्यायला नव्हे. काल भावजयीचा फोन आला होता. थोरल्या म्हशीची कास सुजली, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि ते सांगतील तोवर तिचं दूध विकू नका म्हणून बजावलं. तरी तुमचा धाकटा तिला कट्ट्यावर नेणारच म्हणत होता. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. आत्ताही चार ओळी लिहिते, उठते, खिडकीशी जाते, परत बसते.

तुम्ही गेलात तरी कट्ट्यावर गर्दी तशीच आहे. तालमीतली पोरं, फिरून आलेले म्हातारे, नातवाचं बोट धरून आलेले एक आजोबा. तुम्ही आधी ग्लास उपडा करून दाखवायचात, मग त्यात धार काढायचात. एकदा मी घाईनं विसळलेला ग्लास तसाच पुढं केला. तळाला चमचाभर पाणी असेल. तुम्ही ते सगळ्यांसमोर माझ्या पायाशी ओतलंत. "पाणी न्हवं, आपलं नाव घालवलंस," म्हणालात. पुढं मला अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली तेव्हा गल्लीभर पेढे वाटलेत, आणि वर चिडवलंतही, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यापेक्षा मोठा साहेब सरकार कुठनं आणणार. मी हसले होते. पण आबा, डोळ्याला पाणी सापडतं, इंजेक्शनातून दुधात उतरलेलं औषध सापडत नाही. फेस तोच, रंग तोच, ऊबही तीच. म्हणून तर आम्ही नमुने घेतो, बाटल्या सील करून प्रयोगशाळेत पाठवतो आणि लोकांच्या शिव्या खातो. तुमच्या सचोटीत खोट नव्हती, पण ती पुरेशी नव्हती. हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी कधी छाती झाली नाही.

धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, हिचं दूध ओतून दे, बाकीच्या दोघींचं विक. त्यानं मान वर केली नाही.

"आक्का, समोर धार काढतोय की. आबानं कधी थांबवलतं काय?"

खरंच, तुम्ही नव्हतं थांबवलं. इंजेक्शन टोचलेल्या म्हशीचीही धार तुम्ही काढायचात, मी शेजारीच असायची. तो परत त्याच म्हशीखाली बसला, आणि आजोबांनी नातवासाठी भरलेला ग्लास घेतला. मी त्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ऑफिसला फोन लावला. सख्ख्या भावाकडचा नमुना मला घेता येत नाही, म्हणून सहकारी आला. त्यानं बाटल्या भरल्या, सील केल्या, म्हशीला कट्ट्यावरून हलवायला लावलं. कुणीतरी मला ऐकू जाईल असं घरभेदी म्हणालं. धाकट्यानं सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाला, "आता घरला येऊ नगंस."

अहवाल यायचाय. तो काय यावा, माझं मलाच कळत नाही. दोष निघाला तर भाऊ गेला, नाही निघाला तरी गेलाच. उद्या परत तशी वेळ आली तर मी परत फोन करीन, एवढं मात्र पक्कं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहवतेय. त्या म्हशीखाली धाकट्याच्या जागी तुम्ही बसलेले असता, तर माझा हात पुढं झाला नसता. त्या पोरानं तो ग्लास पिऊन टाकला असता, आबा, आणि मी बघत उभी राहिले असते.