ह्यांच्या नोंदीत राहिलेली पदकं

नोंदणी कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना,

मी सांगते आणि सून लिहिते. मला अक्षर येत नाही, पण तुमच्याशी भांडायला ते कुठे लागतं?

आमचे हे सैन्यात होते. आता अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनीही हात टेकलेत. ह्यांना शेवटचं न्यायचं ते गणवेशात आणि पदकं लावून, असं मी ठरवलंय. पण तुमच्या नोंदीत दोन पदकं राहिलीत, एक जखमेचं आणि एक शौर्याचं. स्वतःला गोळी लागलेली असताना जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन हे गोळीबारातून डोंगर उतरले, असं पलटणीतले सगळे सांगायचे. तेवढी दुरुस्ती लवकर करा. साहेब लोकांची वाट बघायची ह्यांना सवय आहे, पण आता दम पुरायचा नाही.

इथवरचं सुनेने ह्यांना वाचून दाखवलं, तर ह्यांनी डोळे उघडले.

"पलटणीच्या कारकुनाला मीच सांगितलं होतं, पदकांच्या यादीत माझं नाव घालू नकोस म्हणून."

"का हो? पदकं काय चावणार होती?"

"खाली उतरवला तेव्हा तो गेलेला होता. वाटेत पाणी मागत होता. मी म्हटलं, गप राहा, आधी खाली पोचू."

साहेब, तुमची नोंद बरोबर आहे, तिला हात लावू नका. सुनेला म्हटलं, हे पत्र घडी घालून ठेव.

घरात कुणी पाणी मागितलं की हा माणूस जेवणावरून उठून धावायचा. मी जन्मभर त्याला बायकोचा गुलाम म्हणून हसत आले.

तुमच्याशी भांडण मिटलेली,
ह्यांची बायको