अक्के, ती भीती तुझ्या रक्तात नव्हती

अक्के,

नांदेडच्या स्टँडवर बसून लिहून राहिलोय. आत्ताच देगलूरहून मायचा फोन येऊन गेला. तू गेलीस त्याला वर्षं लोटली, तरी तिचं तेच. "भूकंपाच्या टायमाला अक्का पोटात होती. मी लई भेले रे. ती भीतीच तिच्या रक्तात उतरली असंल का?"

शिकलेली तू होतीस. मी दहावीतच पाटी टाकलेला!

लातूरला तुझ्या होस्टेलवर यायला निघायचो अन् गंजगोलाईच्या बाजारात भजे खात हिंडायचो, आठवतं? त्या भज्यांसोबतची मिरची... जाऊ दे, भरकटलो.

तुझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर काळेनिळे डाग. तू म्हणायचीस, "ब्रश कडक हाय." दवाखान्यात का गं गेली नाहीस? डॉक्टरकीच्या क्लासची रविवारची टेस्ट बुडली की खालच्या बॅचला टाकतात, म्हणून! तिथं सगळ्याच पोरी जागून पिवळ्या पडलेल्या. तुझा पिवळेपणा कुणाला दिसणार?

मग कळलं, रक्ताचा कॅन्सर. सलाईन लावलेल्या हातानं तू मलाच शिकवायला लागलीस.

"हाडांच्या आत रक्ताची शाळा भरते बघ. कच्च्या पेशी पहिलीत येतात, मोठ्या होतात, कामाला लागतात. जीन म्हणजे तिथले मास्तर. कुणी कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, ठरलेलं असतं. माझ्यात तेच बिघडलं. वरच्या वर्गात घालणारा गप्प झाला, अन् भरती करणारा ओरडतच सुटला. सगळी शाळा पहिलीच्याच पोरांनी भरली."

"मग मास्तरची बदली कर की!"

किती हसलीस! खोकला येईपर्यंत.

"पण बिघडलं कशानं?" मी विचारलं.

"ते डॉक्टरलाही नक्की सांगता येत न्हाई. पण मायकडून आलेलं न्हाई हे. अन् भीतीनं तर न्हाईच."

तिला का नाही गं सांगितलंस हे, मला सांगत बसलीस ते?

आत्ता त्याच फोनवर मीच सांगितलं तिला, मोडकंतोडकं. शाळा, मास्तर, सगळं. ती हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्या भेण्यानं न्हाई?"

"न्हाई, माय."

"पुन्हा एकदा सांग."

हैदराबादला निघालो होतो, ते रद्द. घरी जातो, तिच्यासमोर बसून सांगतो. ती विचारील तितक्यांदा सांगीन, अक्के, अन् एकदाही वैतागणार नाही.

तुझा उंडगा भाऊ,
बाळ्या