तळ्याभोवतीचा विश्वासघात

२ फेब्रुवारी
आजपासून नवा मनुष्य. जुना मनुष्य काल सर्जनबाईंच्या खोलीत संपला.

सर्जनबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. आतड्यातली कॅन्सरची गाठ त्यांनीच काढली, आणि आतली शिवण भरून येईपर्यंत मळाची वाट वळवून पोटावर पिशवी लावली तीही त्यांनीच. केमो संपला, स्कॅन स्वच्छ आला. म्हटलं, आता आतडं पुन्हा जोडा आणि ही पिशवी काढा. तर म्हणाल्या, जोडते, पण असल्या फुप्फुसांना भूल देणार नाही. दीड महिन्याने या. तोवर सिगरेट पूर्ण बंद, रोज भरभर चालणं, आणि तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र श्वासाने ओढायचं. तिन्ही चेंडू वर राहिले तर ऑपरेशनची तारीख. नाही राहिले तर पिशवी आहेच. शिवाय हे सगळं ऑपरेशनपुरतं नाही, जन्मभर आहे, असंही त्या म्हणाल्या. मी जोरात मान डोलावली. संकल्प करायला मला कधीच अडचण आलेली नाही.

पिशवीला मी भाष्यकार म्हणतो. मूळ मजकूर काहीही असो, भाष्य होणारच. गेल्या आठवड्यात संपादक वृत्तपत्राच्या घसरत्या दर्जावर बोलत होते. भर मीटिंगमध्ये भाष्यकाराने दीर्घ आणि स्पष्ट मत दिलं. तेव्हापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. भाष्यकार जायलाच हवा.

३ फेब्रुवारी
उठलो नाही. संकल्प कालच केल्यामुळे शरीराला नोटीस अपुरी मिळाली.

४ फेब्रुवारी
मुलीने परगावाहून चालण्याचे बूट पाठवले. पांढरे शुभ्र. घालून आरशात पाहिलं. निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

सिगरेटचा प्रश्न शास्त्रोक्त पद्धतीने सोडवला. कर्मं तीन प्रकारची: नित्य, काम्य आणि नैमित्तिक. नित्य म्हणजे चहाबरोबरची, जेवणानंतरची. ती बंद. काम्य म्हणजे इच्छा झाली म्हणून ओढायची. तीही बंद. उरली नैमित्तिक. निमित्तच आलं तर माणूस काय करणार.

हिला हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, कॅन्सरने तरी कुठे निमित्त विचारलं होतं.

५ फेब्रुवारी
सतीर्थाचा फोन. एका गुरूपाशी शिकलेले ते सतीर्थ. आम्ही एका हॉलमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर केमो घेतला, तेव्हा हा शब्द मीच त्याला बहाल केला. तो बस डेपोत कंट्रोलर होता. गाडी सुटली नसली तरी वेळेवर सुटल्याचं आयुष्यभर माइकवरून सांगितलं. मला पेपरवाले म्हणतो. त्यालाही पिशवी, त्यालाही त्याच सर्जनबाई, त्याच अटी.

तो तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहतो. एकत्र चालू या का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आपला वेग वेगळा पडायचा. ज्याने त्याने आपापल्या काठावरून निघावं आणि फेरी झाली की दुसऱ्याला फोन करावा. म्हणजे धाक राहील. त्याने हे इतक्या चटकन मान्य केलं की मला त्याच्या समंजसपणाचं कौतुक वाटलं.

६ फेब्रुवारी, सकाळी
तळ्याच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकालाच चहाची टपरी. उपाशीपोटी चालू नये असं कुठेतरी वाचलंय. चहा घेतला. चहावाल्याने न विचारता काडीपेटी पुढे केली. निमित्त.

सतीर्थाला फोन केला आणि एक फेरी झाली म्हणून सांगितलं. धाप मात्र खरी होती. टपरीपर्यंत चालतच गेलो होतो. तो म्हणाला, माझ्या दोन झाल्या.

११ फेब्रुवारी
सतीर्थ रोज माझ्याहून एक फेरी जास्त सांगतो. मी दोन सांगितल्या की तीन. आजारी माणसाने एवढी ईर्ष्या करू नये.

आभाळ भरून आलेलं. जुन्या पाठशाळांत ढग गडगडले की अनध्याय असे, अभ्यासाला सुट्टी. गडगडले नाहीत, पण रंग दिसत होता.

१४ फेब्रुवारी
यंत्राचा एक चेंडू उठतो. दुसरा थरथरतो. तिसरा निवृत्त अधिकाऱ्यासारखा तळाशी बसून वर बघतो. सदोष माल दिसतोय.

१५ फेब्रुवारी
शोध लागला. यंत्र जरा तिरपं धरलं की तिन्ही चेंडू सुरसुरत वर. हिला बोलावून दाखवलं. ही माझ्या मनगटाकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

१७ फेब्रुवारी
हिने बूट हातात घेऊन तळवे पाहिले. तान्ह्या बाळाचे असतात तसे निघाले. एवढे दिवस तळ्याभोवती काय तरंगत जाता का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, रस्ता स्वच्छ आहे.

१८ फेब्रुवारी
खबरदारी म्हणून गॅलरीतल्या कुंडीतली माती तळव्यांना नीट चोळून बूट दारात ठेवले. ही माती बोटाने चोळून बघत म्हणाली, तळ्याभोवती डांबरी रस्ता आहे ना, मग ही शेणखत घातलेली लाल माती कुठून आली? आणि गुलाबाचं मूळ कुणी उघडं पाडलं?

घरात माणूस आजारी असताना बायकोने एवढं निरीक्षण करावं याचं वाईट वाटलं. मी वार्ताहर आहे, पण घरात कधी बातमीदारी केली नाही.

२२ फेब्रुवारी
मेहुणा हल्ली सकाळी माझ्याच टपरीवर येऊ लागलाय. योगायोगावर माझा विश्वास नाही. मोर्चा हलवणं भाग आहे.

२३ फेब्रुवारी, सकाळी
विश्वासघात झाला आहे.

मेहुण्याला टाळण्यासाठी रिक्षा करून पलीकडच्या काठावर गेलो. रिक्षा तळ्याला वळसा घालून गेली, म्हणजे फेरी झाली म्हणायला हरकत नाही. तिथेही फाटकाशी टपरी. चहा सांगितला, सिगरेट पेटवली, तेवढ्यात खिशात फोन वाजला. सतीर्थ. धापा टाकत म्हणाला, पेपरवाले, आत्ताच तिसरी फेरी संपवली बघा, घामाने न्हालोय.

आवाज दोन्ही कानांत येत होता. एका कानात फोनमधून, दुसऱ्यात टपरीच्या मागच्या बाकड्यावरून.

वाकून पाहिलं. पाय पसरलेले, एका हातात बशी, बोटांत सिगरेट. घामाचा टिपूस नाही. मी फोनवरच म्हणालो, शाबास, आता जरा मागे वळा. तो वळला. माझ्याकडे, मग माझ्या बोटांतल्या सिगरेटकडे बघत राहिला. पेपरवाले, तुम्ही इकडे कसे, असं म्हणाला. मी म्हटलं, तपासणीला. चहावाला म्हणाला, साहेब, हे तर रोजच इथे दमतात.

म्हणजे हा इसम इतके दिवस मला फसवत होता. एका खोलीत, एकाच रंगाचं औषध शिरेत घेत आम्ही शब्द दिला होता. परक्याने फसवलं तर माणूस सोसतो. सतीर्थाने?

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, घरी नातवाला उचलायची सोय नाही हो. पोटाला पाय लागला की पिशवी सुटते. पोरगं हल्ली माझ्याकडे येतच नाही. मी म्हटलं, मग चालायला काय होतं? तो म्हणाला, तुम्हाला काय होतं? प्रश्न उर्मट होता. मी आणखी एक चहा सांगितला.

अखेर दोघांनी नव्याने शपथ घेतली. त्याने पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझं जवळपास संपलंच होतं, टाकून काय साधणार.

२५ फेब्रुवारी
सतीर्थाचा फोन. आज एकच फेरी, पण खरी, पाय भरून आले, म्हणे.

तीस वर्षं मंत्र्यांची आश्वासनं छापली आहेत मी. दुधाने तोंड पोळलेला आहे. तो घरी लोळत असताना मी एकट्याने तळ्याभोवती वणवण करायची, एवढा काही मी हा नाही. अंथरुणातूनच सांगितलं, माझीही एक झाली.

३ मार्च
त्याची कल्पनाशक्ती बहरते आहे. तळ्यात एक लंगडं बदक आहे म्हणे, पावाच्या आशेने अर्धी वाट त्याच्याबरोबर काठाकाठाने येतं. डेपोत हा माणूस वाया गेला.

८ मार्च
आज म्हणतो, तळ्याकाठच्या बाकांना हिरवा ऑइलपेंट लावलाय, ओला होता, नकळत बसलो. मी उशीवर कूस बदलत म्हणालो, हो ना, माझीही पँट गेली.  तो म्हणाला, छान, म्हणजे तुम्हीही येताय. आवाजात इतका आनंद आणला होता की क्षणभर मीही फसलो असतो.

मधल्या खोलीतून हिचा आवाज आला, कुठली पँट?

१२ मार्च
तो म्हणतो, दुसरा चेंडू उठला. मी म्हटलं, माझे तिन्ही. तिरपेपणाचा तपशील सांगितला नाही. खोटं बोलणाऱ्याला शास्त्र शिकवू नये.

नैमित्तिक कर्म: आज जरा जास्त. बाजारात मंदी, कन्येचा फोन नाही, पंखा आवाज करतो.

१६ मार्च
परवा तपासणी. आजपासून सिगरेट पूर्ण बंद. सर्जनबाईंनी दीड महिना सांगितला होता खरा, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचून मी व्याकरणात पहिला आलो होतो.

१८ मार्च
नोंद ठेवून काय उपयोग अशा दिवसाची. तरी लिहितो.

सतीर्थ माझ्याआधी आत गेला. जाताना पाठमोरा दिसला. पँटच्या मागच्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटचे आडवे पट्टे. धुऊन फिकटलेले, पण हिरवे. हीही बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तुमची पँट कुठे आहे म्हणालात?

सतीर्थ बाहेर आला तो तारीख घेऊनच.

मग मी. फिजिओथेरपिस्ट पोरगेला, नम्र. म्हणाला, काका, यंत्र सरळ धरा. एवढ्यावर सगळं संपलं. एकच चेंडू उठला, तोही माझी समजूत घालायला. मग कॉरिडॉरमध्ये चालवलं. दुसऱ्या खेपेला भिंतीला हात लावून उभा राहिलो. तिथे एक चित्र लावलंय, ते बघायला थांबलो असं सांगितलं. तो म्हणाला, काका, ती आग विझवायची सूचना आहे.

सर्जनबाईंनी विचारलं, सिगरेट? मी तोंड उघडण्याआधी ही म्हणाली, चालू आहे. सदतीस वर्षांचा संसार, आणि साक्ष विरुद्ध पक्षाची.

तारीख नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. सर्जनबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, मला तुम्हाला टेबलावर गमावायचं नाही.

परतताना हिला म्हटलं, तू तरी गप्प बसायचंस.  ही म्हणाली, पिशवी रोज बदलते मी, तिचा मला कधी कंटाळा आला नाही. थापांचा आलाय. ती निदान आत आहे तेच दाखवते.

१९ मार्च
विचार केला. सतीर्थाने मला दोनदा फसवलं. आधी खोटं बोलून, आणि नंतर, मी खोटं धरून चाललेलो असताना, खरं बोलून. दुसरा गुन्हा मोठा. पहिल्याला निदान सवयीची सबब होती.

२ एप्रिल
सतीर्थाचं ऑपरेशन. ही बघायला गेली. माझं डोकं दुखत होतं.

६ एप्रिल
वॉर्डातून सतीर्थाचा फोन. आवाज बारीक. आतडं जोडल्यावर ते चालू झालं की नाही हे वारा सरल्यावर कळतं. सगळा वॉर्ड त्याच्या वाऱ्याची वाट बघत होता. आज पहाटे सरला. नर्सने टाळी वाजवली, समोरच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले, बायको रडली. म्हणाला, पेपरवाले, एवढा सत्कार डेपोने निवृत्तीलाही केला नव्हता.

कोणाच्या पोटातून वारा सरल्याचा मला कधी मत्सर वाटेल असं वाटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर भाष्यकाराकडे पाहिलं. तो गप्प होता. त्यालाही कमीपणा वाटला असावा.

८ एप्रिल, सकाळी
हिने बूट दारात ठेवले होते. सिगरेट घरीच राहिली. विसरलो की काय, ते नक्की सांगता येणार नाही.

फाटकाशी टपरीवाल्याने काडीपेटी पुढे केली. मी म्हटलं, नंतर. पुढे गेलो. बाक हिरवे आहेत. बदक आहे, लंगडंच आहे, आणि माझ्याकडे पाव नाही हे कळल्यावर त्याने माझी सोबत सोडली. अर्ध्या तळ्यापर्यंत चालत आलो. छाती भात्यासारखी. बाकावर बसलो आणि सतीर्थाला फोन लावला. म्हटलं, अर्धी फेरी. खोटं सांगत नाही, अर्धीच.

तो कॉटवरून म्हणाला, कुठल्या टपरीवरून बोलताय?

मी म्हटलं, देवाशपथ, बाकावर बसलोय. हिरव्या बाकावर.

तो म्हणाला, पेपरवाले, हिरवा तर मीच सांगितला होता.

बदकाचंही सांगून पाहिलं. तेही त्याचंच निघालं. मग नर्स आली आणि त्याने फोन ठेवला. बातम्यांचं पॅड खिशात होतं, म्हणून इथेच बसून लिहितोय. इथून घर दोन्ही बाजूंनी सारखंच लांब आहे. मागच्या वाटेवर दोन्ही टपऱ्या आहेत. पुढच्या वाटेवर काय आहे, मला माहीत नाही. त्याने अजून सांगितलेलं नाही.