उचलून बघितलेली पॉवर बँक

११ ऑक्टोबर, सकाळी ८

वही आणली. दोनशे पानी. डॉक्टर म्हणाले, अमरसिंह, बीपी एकशेऐंशीवर गेलंय, राग आला की हात उचलू नका, वहीत लिहा. मी म्हटलं मला राग येतच नाही. ते म्हणाले मग आत्ता टेबल का बुकललं. टेबल डुगडुगत होतं म्हणून.

ठराव : रोज शेवटी एक ओळ लिहायची, हात उचलला की नाही. निर्जीव वस्तू धरायच्या नाहीत.

११ ऑक्टोबर, दुपारी

सृष्टीचा ऑनलाईन इंटरव्ह्यू लागला. २३ तारखेला, अकरा वाजता. कंपनी दिल्लीकडची, ऑफिस पुण्यात. वाशीसारख्या तालुक्याच्या गावात राहून पोरीनं एवढी मजल मारली, मला लई आनंद झाला. आनंदात दाराला बुक्की मारली. बिजागरी निघाली.

अडचण लाईटची. इन्व्हर्टर होता, मे महिन्यात मी त्याला लाथ घातली, तवापासून रुसलाय. लॅपटॉपची बॅटरी सात मिनिटं टिकते. जूनमध्ये तो हँग झाला होता, मी वरून एक रट्टा दिला, लगेच सुरू झाला. बॅटरी मात्र बसली. आता सृष्टी म्हणते पॉवर बँक घेऊ, लॅपटॉप आणि मोबाईल दोन्हीला चालेल अशी. मी म्हटलं निवड मी करणार. पंचवीस वर्षं पाईप-मोटारीचं दुकान चालवतोय, करंट मला कळतो. ती गप झाली. पटलं असणार.

हात उचलला : नाही.

१२ ऑक्टोबर, सकाळी

सृष्टीनं अर्धा तास लेक्चर दिलं. म्हणे एमएएचचा आकडा बघून भुलायचं नाही. लॅपटॉपला पासष्ट वॉट देणारी पाहिजे, टाईप-सीची, आणि त्यावर पीडी लिहिलेलं असलं पाहिजे. वीस-पंचवीस हजार एमएएच लई झालं. लाखाचे आकडे असतात ते थापा असतात.

मला वॉट शिकवते. ज्या बापानं अर्ध्या तालुक्याच्या विहिरीत मोटारी सोडल्या त्याला. मी शांतपणे प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि शांतपणे अंगणात फेकलं. कमल म्हणाली, हे तिसरं. बायकोला आकडे बरोबर लक्षात राहतात.

हात उचलला : नाही. (स्टूल उचललं. वेगळं.)

१३ ऑक्टोबर

शरणबसप्पाच्या मोबाईल शॉपीत गेलो. माणूस साधा आहे, आवाज कधी चढत नाही. अशा माणसांचा मला संशय येतो.

त्यानं दोन पॉवर बँका समोर ठेवल्या. एक काळी, चपटी, पंचवीस हजार एमएएचची. दुसरी लालभडक, वर टॉर्च, एक लाख एमएएच. म्हणाला अण्णा, काळी न्या, लाल मी फक्त गिऱ्हाईक मागतंय म्हणून ठेवतो, तिची गॅरंटी मी देणार न्हाय.

मी दोन्ही उचलून बघितल्या. मोटार घेताना जाणता माणूस हेच करतो. जड लागली तर आत तांबं, हलकी लागली तर ॲल्युमिनियम. काळी अगदीच हलकी. लाल चांगली विटेएवढी जड. मी म्हटलं शरणबसप्पा, तू मला हलका माल गळ्यात मारतोस. तो म्हणाला अण्णा, यात तांब्याचं काम नसतं. मी काउंटरवर हात आपटला. काच तडकली. पण ती आधीपासून तडकायच्या बेतात होती, कडेला रेघ स्पष्ट दिसत होती.

लाल घेतली. वस्तू अशी पाहिजे की चोराच्या डोक्यात घातली तर चोर उठता कामा नये.

हात उचलला : नाही. (आपटला. आपटताना हात वर जातो, ते निसर्गानं ठेवलंय.)

१४ ऑक्टोबर

पॉवर बँक चार्जिंगला लावली. सगळे दिवे पाच मिनिटांत लागले. सृष्टी म्हणाली एवढ्या लवकर कशी भरेल. मी म्हटलं दणकट आहे, पाणी ओढायला वेळ लागत नाही.

मोबाईलला लावली. आठ टक्के भरला आणि दिवे विझले. लॅपटॉपनं तर ढुंकून बघितलं नाही.

दुकानात नेऊन हातोडीनं उघडली. चार घाव बसले. पाचवा डाव्या अंगठ्यावर. आत एक चपटा सेल, बाकी सगळी वाळू. पिशवीत बांधलेली, बारीक, चाळलेली. बांधकामाला सुद्धा इतकी चांगली मिळत नाही.

शरणबसप्पाकडं गेलो. वहीत खरं लिहायचं म्हणून लिहितो : कॉलर मी धरली. त्याची मान काउंटरवर मी दाबली. वाळूची पिशवी त्याच्या तोंडात कोंबायला निघालो होतो, तेवढ्यात चार लोकांनी ओढलं. ओढताना दोघांना कोपर लागलं. एकाच्या नाकातनं रक्त आलं, पण त्याला घोळणा फुटायची सवय आहे म्हणे. तडकलेली काच आता पूर्ण गेली. शरणबसप्पाच्या तळहाताला तीन टाके पडले. तो फक्त एवढंच म्हणाला, अण्णा, मी तुम्हाला काळी न्या म्हणलो व्हतो. सगळ्यांसमोर. माणसाची इज्जत अशी काढतात.

हात उचलला : आज अंगठ्याला पट्टी आहे, जास्त लिहिता येत नाही.

१६ ऑक्टोबर

काल घटस्थापना. नवं पर्व. ठराव : नऊ दिवस हात वर करायचा तो देवीला जोडायला.

सृष्टी परस्पर शरणबसप्पाकडं जाऊन काळी घेऊन आली. माफी पण मागितली म्हणे, माझ्या वतीनं. मी म्हटलं माझ्या वतीनं माफी मागायचा अधिकार तुला कुणी दिला. ती म्हणाली, तुम्ही मागणार आहात का? मी विषय बदलला.

काळीनं लॅपटॉप सव्वा तास चालवला. हलक्या मालाच्या मानानं बरं.

हात उचलला : नाही. मांजराला पाय लागला.

१९ ऑक्टोबर

काळीवर माझा अजून विश्वास नाही. गिऱ्हाइकाला मी पाईप दाखवतो तवा त्याच्यावर उभा राहून उडी मारतो. टिकला तर माल. तसं करून बघावं म्हणून तिला फरशीवर ठेवली, चप्पल काढली. सृष्टी धावत आली आणि पॉवर बँकेवर पालथी पडली. उडी माझी निघालीच होती, कशीबशी बाजूला घेतली. शोकेस पडलं.

कमल शोकेसमधल्या कपांचे तुकडे गोळा करत होती. म्हणाली, पोरीची पाठ थोडक्यात वाचली. मी म्हटलं वाचली ना? मग झालं. दिवसभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. शांतता चांगली असते, डॉक्टर पण तेच म्हणतात.

हात उचलला : नाही.

२३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

खंडेनवमी. दुकानातली हत्यारं धुऊन घरी आणली. पाने, करवत, कोयता, साखळी-पुली, सगळं पाटावर मांडलं. झेंडू, ऊस, हळदी-कुंकू. काळी पॉवर बँक पण मांडली. लेकीचं हत्यार तेच, मला जाण आहे. तांब्यातनं पाणी शिंपडलं, कुंकवाची पाच बोटं ओढली. कोयत्यानं कोहळा फोडला. एका घावात दोन भकलं. हात अजून सणसणीत आहे.

सृष्टी म्हणाली पॉवर बँक द्या, अकराला लागणार. मी म्हटलं पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या आत हलवत नसतात. लाईट आहे की. देवीवर भरवसा ठेव.

२३ ऑक्टोबर, दुपारी १

लाईट दहा चाळीसला गेली.

मी माघार घ्यायला तयार नव्हतो, पण कमलनं पाटावरून पॉवर बँक स्वतः उचलली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. वायर आत जाईना. भोकात ओलं कुंकू घट्ट बसलेलं. सृष्टी सुईनं काढत होती. मी म्हटलं सरक. मोटारीची पिन अडकली की एक हलका ठोका देतात. पान्यानं दिला. दुसरा दिला. तिसरा जरा मनापासून बसला. पॉवर बँक फुगली, फुस्स केलं, काळा धूर आला. मी ती अंगणात भिरकावली, तिथं ती चांगली भडकली. घर वाचलं ते माझ्या चपळाईमुळं, हे कुणी बोललं नाही.

लॅपटॉप सात मिनिटांच्या बॅटरीवर सुरू केला. समोरच्या बाई दिसल्या, सृष्टीनं गुड मॉर्निंग म्हटलं, स्क्रीन काळी झाली.

ती माझ्याकडं वळली. म्हणाली, पप्पा, हे तुम्ही केलं. ओरडून नाही, लाईट गेली म्हणून सांगावं तसं. माझा हात वर गेला. तिनं मान खाली घातली नाही, डोळे मिटले नाहीत. हात खाली आला तो लॅपटॉपवर. दोनदा. कुठं पडला हे महत्त्वाचं आहे, लॅपटॉप निर्जीव आहे.

तिनं मोबाईल घेतला आणि चप्पल न घालता बाहेर पळाली.

हात उचलला : (सोडून दिलं.)

२४ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी शरणबसप्पा आपट्याची पानं घेऊन आला. दसऱ्याला दारात आलेल्याला हाकलता येत नाही. तळहाताला पट्टी होती, त्याच हातानं त्यानं सोनं दिलं. वाकून पाया पडला. मी पानं घेतली. करणार काय.

त्याच्याकडनं कळलं. सृष्टी काल त्याच्या दुकानात गेली. त्याच्याकडं इन्व्हर्टर आहे. त्यानं शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाईक बाहेर थांबवलं, स्वतःचा लॅपटॉप दिला. काउंटरला काच नव्हती म्हणून पुठ्ठा टाकला. दहा मिनिटं उशीर झाला, पण बाई थांबल्या होत्या.

आणि सृष्टी सिलेक्ट झाली. तिनं मला सांगितलं नव्हतं. कमलला माहीत होतं.

बाईंनी विचारलं म्हणे, चिडलेलं गिऱ्हाईक समोर आलं तर काय कराल. सृष्टी म्हणाली, मी बावीस वर्षं तेच करतेय. आवाज चढायच्या आधी मला पावलांवरून कळतं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला तो कधी जॉईन होणार.

म्हणजे ट्रेनिंग माझंच कामाला आलं. मी शरणबसप्पाला हे सांगितलं. त्यानं पाणी मागितलं.

हात उचलला : सोनं घ्यायला.

४ नोव्हेंबर

सृष्टी पुण्याला गेली. कमल सोबत गेली, रूम लावून द्यायला, आठ दिवसांसाठी. येडशी स्टेशनला रेल्वेत बसवायला येतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. मागं एसटी स्टँडवर मी कंडक्टरला खाली ओढलं होतं, ते अजून काढतात.

आठ दिवसांसाठी कमलनं पोळपाट-लाटणं नेलं. स्वेटर पण. पुण्यात थंडी असते.

२१ नोव्हेंबर

नवी पॉवर बँक आणली. काळी, चपटी, पासष्ट वॉट. उचलून बघितली नाही. शरणबसप्पाला म्हटलं, सृष्टी दिवाळीला आली नाही, आता येईल तवा देतो. तो बरं म्हणाला. काउंटरला नवी काच बसवलीय, मी हात खिशात ठेवले.

घरी लावून बघितली. चारही दिवे लागतात. फोन केला, कमलनं उचलला, म्हणाली सृष्टी ऑफिसात आहे. मी विचारलं आठ दिवस कधी संपणार. ती म्हणाली, बघू. मागं कुकरची शिट्टी वाजली आणि ती फोन ठेवते म्हणाली.

आज हात उचलला : नाही.

घरात कुणी नव्हतं.