व्हेरोनिकाच्या शेजारची जागा

बिबराख,
रविवार संध्याकाळ

प्रिय क्रेसेन्सआई,

'गेर्स्टरबाई' असं लिहिलेले दोन कागद टोपलीत गेले. बावीस वर्षं जिभेवर बसलेली हाक आज कागदावर बसेना. तिसऱ्या कागदावर जे आपसूक उमटलं ते तसंच ठेवलं आहे; रुचलं नाही तर ओटिलीला सांगा, तुमची नात मला हळूच कळवील. तुमचं घर माझ्या सुतारकामाच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर, तरी पत्र लिहितो आहे, कारण समोरासमोर आलो की आपण हवेबद्दल बोलतो, मी टोपी उचलतो आणि निघतो. आज दुपारीही तेच झालं. पर्यटकांना गाव दाखवायची नाटकी फेरी संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही व्हेरोनिकाची जरीची टोपी काढून पिशवीत ठेवलीत आणि म्हणालात, "गुडघे बोलायला लागले, जाते." मी म्हणालो, "सांभाळून."

फेरी जिथून निघते त्या कारंज्यापाशी मी गेलो होतो तो फेरी रद्द झाल्याचं सांगायला. फेरीतल्या प्रोटेस्टंट महापौराचा काळा डगला आणि तीन कोनांची टोपी अंगावर होती ती निव्वळ सवयीनं. फेब्रुवारीत व्हेरोनिका गेली, तेव्हापासून पर्यटन कचेरीतल्या बाई सौम्यपणे विचारत होत्या, फेरीतली कॅथलिक बाई आता कोण होणार? त्यांचं बरोबरच होतं. ज्या गावात एक महापौर तुम्हा कॅथलिकांचा तर एक आम्हा प्रोटेस्टंटांचा, एक वैद्य तुमचा तर एक आमचा, अशी जुनी रीत, तिथला इतिहास एकट्या प्रोटेस्टंटानं सांगायचा तरी कसा? भांडायला समोर कुणी हवं. पण तिच्या कपड्यांत परकी बाई उभी राहिलेली मला बघवली नसती. ती फेरी म्हणजे आमच्या संसाराचा शेवटचा चालता भाग होता, आणि तोही आज थांबवायचा असं ठरवून मी आलो होतो.

त्यात शेवटचा थांबा मला नकोसा झाला होता. दोन दफनभूमी आणि त्यांच्यामधली भिंत. भिंतीच्या तुमच्या बाजूला झावरबाबा, त्यांच्या शेजारी एक मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे व्हेरोनिका. माती देऊन झाल्यावर तुम्ही त्या मोकळ्या जागेकडे बघून मला म्हणालात, "ही माझी." त्यात राग नव्हता. नवरा आणि मुलगी यांच्यामधली जागा आईची नाही तर कुणाची? नियम केव्हाच सैल झाले आहेत, प्रोटेस्टंट माणसाला आता तिकडे कुणी अडवत नाही. पण जागाच नसेल तर सैल नियमांचं काय करायचं? मी मान हलवली. तेव्हापासून रोजच्या प्रार्थनेत एक वाक्य ओठांपर्यंत येतं आणि मी ते गिळतो: तिच्यापासून भिंतीपलीकडे नको. प्रभूला भिंती नसतात, हे आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं. पाठ आहे अजून. तरी मन भिंतीशी अडतं.

तर लोक जमले होते, मी बोलायला तोंड उघडलं, आणि बाजाराच्या कोपऱ्यावरून ओटिलीचा हात धरून तुम्ही आलात. अंगात व्हेरोनिकाचा हिरवा झगा, कंबरेला सैल केलेला. डोक्यावर चाकासारखी सोनेरी टोपी. एक क्षण मला काय वाटलं ते लिहीत नाही; आरशासमोर तुम्हालाही तेच वाटलं असेल. तुम्ही थेट माझ्यावरच घसरलात. "काय हो महापौर, कॅथलिक दिसली की लगेच तोंड आंबट? की न्याहारीच तशी असते तुमच्यात?" आमच्या संहितेत हे वाक्य नव्हतं. मी चाचरलो. "बघा," तुम्ही लोकांकडे वळलात, "ना मेणबत्ती, ना धूप, नुसतं लांबलचक प्रवचन ऐकत बसतात. आणि स्वतः बोलायची वेळ आली की हे असं!" फेरी रद्द झाल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

विणकरांच्या चढावर आपण कपड्यांच्या दोरीपाशी थांबलो. ती दोरी फेरीत आणली व्हेरोनिकानं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा तुम्हाला आठवत असेलच. मी डोंगरावरच्या खेड्यातला, आमचं अख्खं गाव प्रोटेस्टंट. तुमच्या ख्रिस्तशरीराच्या सणाला आमच्याकडे गवत कापतात, आणि ऊन चांगलं असलं तर धुणं वाळत घालतात. बायकोला मदत म्हणून मी खिडकीबाहेर धुणं टाकलं, आणि खालून मिरवणूक आली. छत्राखाली पवित्र भाकर घेतलेले फादर, धुपाचा धूर, मागून हातात मेणबत्ती घेतलेल्या तुम्ही, आणि सगळ्यांच्या डोक्यावर माझ्या लोकरीच्या लांब चड्ड्या. या गावातले प्रोटेस्टंट तुम्हाला डिवचायला पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम हेच करत आले, हे मला कुठं ठाऊक? पुढच्या गुड फ्रायडेला, आमच्या सगळ्यांत पवित्र दिवशी, तुम्ही आमच्या खिडकीखाली दोन गालिचे आणलेत आणि दुपारपर्यंत झोडपलेत. मी आत प्रार्थनेला बसलेलो, आणि व्हेरोनिका उशीत तोंड खुपसून हसत होती. "आता तुम्ही दोघंही पक्के बिबराखचे झालात," म्हणाली. पुढे तिनं चड्ड्या आणि गालिचे दोन्ही फेरीत घातले. दरवर्षी लोक हसायचे. तुम्ही मात्र कधी बघायला आला नाहीत.

आज तुम्ही त्या दोरीला हात लावलात आणि म्हणालात, "मी समजत होते, यानं मुद्दाम केलं. माझी मुलगी सांगायची, आई, त्याला खरंच माहीत नव्हतं गं. मी म्हणायचे, इतका खुळा माणूस असतो का कुठं? आता इतकी वर्षं बघतेय याला." मग थांबून, "असतो." ओटिली हसता हसता पायरीवरच बसली. मीही हसलो. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये मी नेहमीचं सांगितलं: छप्पर एक, कळप दोन, आधी तुमची मिसा, मग आमची उपासना. खांबाजवळच्या बाकाबद्दल मात्र मी फेरीत कधीच बोललो नाही. व्हेरोनिका तुमच्याजवळ टोकाला बसायची. मिसा संपली की दारात माझा हात दाबून बाहेर जायची, आणि मी आत येऊन तिच्याच जागेवर बसायचो. लाकूड ऊबदार असायचं. हिवाळ्यात त्या दगडी चर्चमध्ये माझं पहिलं स्तोत्र म्हणजे ती ऊब. ती गेल्यावर बाक गार पडला. मी गीतांच्या पुस्तकात डोळे घालून बसायचो, गात नसायचो. ईस्टरनंतर एका रविवारी बसलो आणि बाक ऊबदार. भास वाटला. पुढच्या रविवारीही तसंच. ओटिलीला विचारलं तर म्हणाली, "आजी हल्ली आईच्या जागेवर सरकून बसते. तिकडून उठायला सोपं जातं म्हणते." त्या रविवारपासून मी पुन्हा गाऊ लागलो. याचे आभार मी आजवर मानले नाहीत, ते इथे मानतो.

मग भिंत आली. व्हेरोनिकाचं वाक्य होतं, "इकडचे इकडे, तिकडचे तिकडे, वर गेल्यावर बघू." तुम्ही आधी त्या मोकळ्या जागेकडे बघितलंत. मला वाटलं, ओटिलीनं पढवलेलं ते वाक्य विसरलात, म्हणून हळूच सुचवायला पुढे झालो. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे न बघता, नाटकातल्या त्या मोठ्या आवाजात म्हणालात, "हा लुथरवाला माझ्या मुलीशेजारी झोपेल. माझी जागा याला दिली. घोरतो म्हणे हा. तिला सवय आहे, मी कशाला मध्ये पडून ऐकू?" लोक खळखळून हसले, त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. पुढचं वाक्य माझं होतं. मी टोपी काढून उभा राहिलो, एवढंच.

माझं ते राहिलेलं वाक्य म्हणजे हे पत्र. आई, ती जागा मी घेणार नाही. तुम्ही दिलीत, एवढ्यानंच मी भरून पावलो. पण झावरबाबा आणि व्हेरोनिका यांच्यामध्ये तुम्हीच हव्यात. मघाशी दफनभूमीचा राखणदार फाटकातच भेटला, त्याला विचारून आलो. राखेचा कलश असेल तर व्हेरोनिकाच्या पायाशी मावतो, ज्याची जागा त्याची परवानगी हवी, म्हणजे तुमची. माझे वडील असते तर दहन म्हणजे अधर्म म्हणाले असते. मी लाकडाच्या भुशात बसून बराच विचार केला. जो मातीतून उठवणार आहे, त्याला राखेची काय अडचण? तेव्हा तिच्या पायाशी हातभर जागा मला द्या, आणि तुमची तुमच्यापाशी ठेवा. त्याला अजून खूप अवकाश असो. तोवर एक करा. येत्या रविवारी मिसा संपली की लगेच उठू नका. मी आत येईन तेव्हा जरा तुमच्या जुन्या जागेवर सरका, आणि आमचं पहिलं गीत होईपर्यंत तरी बसा. प्रवचन लांबतं हे तुम्ही आज सगळ्या गावाला सांगितलंच आहे. ते सुरू झालं की खुशाल निघा.

तुमचाच,
ट्राउगोट