कुंकू लागलेली विमानं

अण्णा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी कागदच हाती धरावा लागतो. भांडण जुनंच आहे, तुमच्या हवाई पथकाचं.

लढाईचे दिवस होते. चिखलीच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवत होतात आणि हेडमास्तरांनी पोरांचं हवाई पथक तुमच्या गळ्यात घातलं. विमान तुम्हीसुद्धा जवळून पाहिलेलं नव्हतं. आपल्या आभाळात तेव्हा घारी, आणि फार तर टोळ. तरी नागपूरहून आलेल्या चित्रांवरून तुम्ही सावरीच्या लाकडाची विमानं कोरलीत, जवसाच्या तेलात काजळी खलून काळीभोर रंगवलीत. उंचावरचं विमान काळंच दिसतं, नुसत्या आकारावरून आपलं की जपानी ते सांगता आलं पाहिजे, असं तुम्ही पोरांना बजावायचात. दादा त्यात सगळ्यांच्या पुढे. मॅट्रिक झालं की विमानदलात जायचं हे त्याने ठरवूनच टाकलं होतं, आणि नागपूरचे साहेब पथकाची परीक्षा घेऊन शिफारस करणार होते. त्याचा विषय निघाला की भाकरी थापताना आईचा हात जोरात पडे.

खंडेनवमीला तिने विळा, कुऱ्हाड, तुमचे कुंचले मांडले आणि त्यांच्या रांगेत ती विमानंही मांडली. हत्यारंच ती, त्यांना पूजा नको? हळदकुंकू तेलात कालवून तिने प्रत्येकावर बोटं टेकवली, कुठे पंखावर, कुठे शेपटीवर. रंग पुरता वाळला नव्हता, डाग मुरले. तुम्ही पुन्हा काजळी खलायला बसलात तशी ती चुलीपुढून म्हणाली, "पुजलेल्या चीजेले काळं फासतं का कोनी? माह्या पोराले उद्या अशातच बसा लागन." तुम्ही वाटी खाली ठेवलीत.

मग तयारी जोरात चालली. पथक आपल्या अंगणात जमायचं, मी ओट्यावर शेंगा फोडत बघत असायचे. तुम्ही विमान वर धरायचा अवकाश, पोरं एका सुरात उत्तर द्यायची. एका दुपारी तुम्ही एक विमान जवळ घेऊन पंखावरचा डाग बराच वेळ पाहिलात, मग त्यावर अंगठा दाबून ते पुन्हा वर धरलंत. दादासकट सगळी गप्प. पोरं आकार ओळखतच नव्हती, आईची बोटं ओळखत होती. तुम्ही अंगठा काढलात, पोरं "जपानी" म्हणून ओरडली, आणि तुम्ही म्हणालात, "शाबास."

साहेब आले ते स्वतःची विमानं पेटीत घेऊन. कोरी, काळी. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. दादाने आपल्याच विमानाला जपानी ठरवलं. साहेब रागावलेही नाहीत, पेटी बंद करून निघून गेले, आणि पथक संक्रांतीपर्यंतही टिकलं नाही.

घरी दादा म्हणाला, "मंग तुमी आमाले शिकवलं काय, अण्णा?"

"माहंच चुकलं," तुम्ही म्हणालात. आईचं नाव काढलं नाहीत.

तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, "तुमाले मालूम होतं ना?" तुम्ही म्हणालात, "चहा थंडा होऊन राह्यला. मायले हाक मार."

दादा कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटला, नातवंडं खेळवून गेला. पण शेवटपर्यंत सांगत राहिला, आपला बाप मास्तर म्हणून कच्चा. मला त्याचा राग यायचा आणि तुमचा त्याहून जास्त. एक पोरगा घरात ठेवायचा म्हणून सगळ्या पथकाची फजिती करायची? जावं की राहावं हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं होतं. हे मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं, ते राहून गेलं.

आज सगळं खडसावून लिहायचं आणि निदान तुमच्या फोटोमागे ठेवून द्यायचं, असं ठरवून बसले होते. आता तेही करणार नाही. परवा माझा नातू विमानदलाच्या निवडीला निघाला. मी त्याच्या हातावर दही घातलं, "यश घेऊन ये" म्हटलं. तो पाया पडायला वाकला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मी मनात देवाला म्हणाले, नापास होऊ दे.