पंखा नसलेलं यंत्र

४ जानेवारी

आज दूध तापवताना आठवलं — त्या सकाळीही असंच. दूध उतू जाऊ नये म्हणून मी शेगडीपाशी, खांद्यावर ह्यांचे ओले मोजे, आणि बाहेरच्या खोलीत हे आपल्या पियानोची एकच पट्टी ठोकत बसलेले. "ऐकलंस? आता थरथर थांबली!" मला काही कळलं नाही. हो म्हटलं. ह्यांनी सुरात लावलेला तो शेवटचा पियानो. हे गेले तेव्हापासून झाकण बंद.

६ जानेवारी

भावजी आले. "वहिनी, हत्यारं विकून टाका. दादाचा कान दादाबरोबर गेला." त्यांना काय ठाऊक, संगीतशाळेच्या बाईंना मी शब्द देऊन बसलेय — कार्यक्रमाआधी हॉलचा पियानो मी लावणार! तारा बदलायला, खुंट्या फिरवायला ह्यांच्या जोडीला मीच असायचे. कान तेवढा नाही. मग यंत्राचा घेईन! हे असते तर म्हणाले असते, "कान भाड्याने आणणार?" आणणार. लोक चष्मा लावतात, त्यांना कोणी हसतं का?

९ जानेवारी

लेकीच्या लॅपटॉपवर सूर मोजणारं ॲप टाकून घेतलं आणि तो घेऊन हॉलवर. ऐटीत पियानोवर ठेवला. खर्जातला सूर वाजवला की कुठेतरी घर्रर्र! पियानो उघडला, सगळे स्क्रू आवळले. तरी घर्रर्र. शेवटी लॅपटॉप उचलला — सगळं गप्प. त्याचीच बिजागरी ढिली! शिवाय त्याच्या आतला पंखा सुरू झाला की त्या आवाजाने पडद्यावरचा सुराचा काटा पिसाळल्यासारखा नाचतो. शिपाई हसला. मीही हसले. जिन्यात येऊन रडले.

११ जानेवारी

दुकानदार सगळ्यात मोठं यंत्र पुढे करत होता. "काकू, यात सिनेमा काय सुंदर दिसतो!" मी विचारलं, पंखा आहे का? उन्हात आकडे दिसतात का? दिवसभर चार्जिंग टिकतं का? फोन नकोच — दोन्ही हात खुंट्या फिरवायच्या किल्लीवर आणि नेमका भावजींचा फोन! मधल्या आकाराचा टॅबलेट घेतला. बिनपंख्याचा. पियानोवर नाही, शेजारी स्टुलावर ठेवायचा.

१३ जानेवारी

हात बसायला पियानो हवा. लेक म्हणाली, "आपला आहे की, आई." मी खेकसले. ती हळूच म्हणाली, "बाबांनी लावलेले सूर आधी या टॅबलेटमध्ये साठवू. हवं तेव्हा पुन्हा तसंच लावता येईल."

संध्याकाळी झाकण उघडलं. एकेक पट्टी वाजवत गेले. काटा प्रत्येक सुराला खाली! कुठे थोडा, कुठे पार घसरलेला. इतके दिवस जपलं ते ह्यांचं काम नव्हतंच. नुसता उतरलेला पियानो होता. ह्यांनी असा एक दिवससुद्धा घरात राहू दिला नसता.

१४ जानेवारी

सकाळी शाळेच्या बाईंना निरोप पाठवला, सोमवारी येते. मग आपला पियानो लावला. आधी काही साठवलं नाही.